जोत्याशी येणारे पाणी: मोहेंजोदडोच्या डांबरापासून रुरकीच्या पायापर्यंत

मोसमी पावसाचे पहिले दोन-तीन आठवडे उलटले की देशभरातील असंख्य घरांत एकच खूण उमटते. भिंतीच्या तळाशी, फरशीपासून वीत-दीड वीत उंचीवर, एक काळसर पट्टा दिसू लागतो. पुढे त्या जागी रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात आणि भिंत वाळू लागली की पांढरी भुकटी बाहेर पडते. जुनी माणसे त्याला 'भिंतीला लोणा लागला' असे म्हणतात. दिवाळीपूर्वी भिंत खरवडली जाते, भेगा सिमेंटने बुजवल्या जातात, वर नवा रंग चढतो. पुढच्या आषाढात तो पट्टा त्याच जागी, कधीकधी थोडा अधिक उंचीवर, परत येतो.

भेग बुजवली होती, तरी पाणी आले कुठून? प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर शोधण्यात या उपखंडातील बांधकाम करणाऱ्यांच्या अनेक पिढ्या गेल्या. त्या शोधाचा सर्वांत जुना आणि सर्वांत सुबक पुरावा सिंधू नदीच्या काठी सापडतो.

एका कुंडाच्या भिंतीमागे

राखालदास बॅनर्जी यांनी १९२२ मध्ये मोहेंजोदडो येथे उत्खनन सुरू केले आणि १९२४ च्या सप्टेंबरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक जॉन मार्शल यांनी सिंधू संस्कृतीचा शोध जगापुढे मांडला. पुढे १९२५-२६ च्या हंगामात तेथील उंचवट्यावर एक प्रशस्त कुंड उघडे झाले. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर खोल असलेली ही वास्तू आज 'महास्नानगृह' या नावाने शालेय पुस्तकांतही आढळते. तिचा धार्मिक उपयोग काय होता, यावर पुष्कळ लिहिले गेले. बांधकामशास्त्राच्या दृष्टीने मात्र खरी गोष्ट तिच्या भिंतींच्या आत दडलेली आहे.

कुंडाच्या तळाशी भाजलेल्या विटा कडेवर उभ्या, एकमेकींना घट्ट भिडवून बसवलेल्या आहेत. त्यांमधील सांधे अत्यंत बारीक असून ते जिप्समच्या, म्हणजे चिरोडीच्या, गिलाव्याने भरलेले आहेत. बाजूच्या भिंतींचे कामही तसेच आहे. या आतल्या भिंतीच्या पाठीमागे सुमारे एक इंच जाडीचा नैसर्गिक डांबराचा थर आहे. तो थर घसरू नये म्हणून त्याच्यामागे विटांची आणखी एक पातळ भिंत घातली आहे. तिच्यामागे कच्च्या विटांचे भरीव काम आणि त्याच्याही बाहेर आणखी एक भक्कम भिंत आहे. शिवाय तळाला एका कोपऱ्याकडे उतार दिलेला असून तेथून पाणी बाहेर नेणारे, माणूस उभा राहू शकेल एवढे उंच गटार बांधलेले आहे.

कुंडात पाणी आत धरून ठेवायचे असते, घराच्या पायात ते बाहेर थोपवायचे असते. दिशा उलटी असली तरी प्रश्न एकच आहे: सांधा. वीट पाणी शोषते हे खरे, पण पाणी आधी वाट शोधते ती दोन विटांच्या मधली, भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथली, माती आणि पाया यांच्यामधली. मोहेंजोदडोच्या गवंड्यांनी या वाटेवर एकाच पदार्थाचा पहारा ठेवला नाही. त्यांनी सांधा बारीक केला, तो भरला, त्यामागे जलरोधक थर दिला, त्या थराला आधार दिला आणि एवढे करूनही उरलेल्या पाण्याला उतार व वाट दिली. गाळाच्या मैदानात डांबर सापडत नाही. ते दुरून आणावे लागे, म्हणून त्याचा वापर मोजकाच होता. सामान्य घरांतील न्हाणीघरांची जमीन घासून काटकोनी केलेल्या विटा घट्ट बसवून तयार केलेली आढळते आणि तिचा उतार रस्त्यालगतच्या गटाराकडे असतो. डांबर नसले तरी बारीक सांधा आणि उतार ही दोन तत्त्वे तेथेही सुटलेली नाहीत.

पाणी वर कसे चढते

जमिनीतील पाणी भिंतीत वर चढते ही बाब डोळ्यांना रोज दिसत असली तरी तिचे गणित अठराव्या शतकात स्पष्ट झाले. इंग्रज वैद्य व शास्त्रज्ञ जेम्स ज्युरिन यांनी १७१८ च्या सुमारास बारीक काचनळ्यांत पाणी किती चढते, याचा अभ्यास केला. नळी जितकी बारीक, तितके पाणी अधिक उंच, असा त्यांचा निष्कर्ष होता. या केशाकर्षणाच्या नियमानुसार १ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी जेमतेम दीड सेंटिमीटर चढते, पण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी त्रिज्या असलेल्या नळीत ते सुमारे दीड मीटर चढू शकते. विटेत आणि चुन्याच्या दर्जात अशा सूक्ष्म नळ्यांचे जाळेच असते. प्रत्यक्ष भिंतीत चढणारे पाणी वाटेत बाष्प होऊन उडत राहते. म्हणून ओलीची रेषा बहुधा मीटरभराच्या आसपास थांबते. भिंतीकडून हवेत जाणारी ही वाफ म्हणजे भिंतीचा श्वासच. ती कोंडली तर रेषा आणखी वर सरकते.

रुंद भेगेचा नियम निराळा आहे. तिच्यात केशाकर्षण नगण्य असते, पण पाणी स्वतःच्या वजनाने आणि दाबाने आत शिरते. पायाशेजारी मीटरभर उंचीचे पाणी साचले तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन एवढा दाब पडतो. या दाबाखाली केसाएवढी फटसुद्धा अखंड पाझरते. अशा रीतीने घराच्या पायाशी दोन निरनिराळी संकटे एकत्र येतात. रुंद फटीतून पाणी ढकलले जाते, तर सूक्ष्म छिद्रांतून ते ओढले जाते. पहिल्यावर उपाय म्हणजे फट बुजवणे आणि साचलेले पाणी हटवणे. दुसऱ्यावर उपाय म्हणजे भिंतीच्या वाटेत असा एक आडवा थर घालणे, की ज्यात सूक्ष्म नळ्याच नाहीत. मोहेंजोदडोच्या कुंडात बारीक सांधा आणि डांबर हे दोन्ही उपाय शेजारी शेजारी उभे आहेत.

राळ, बिब्बा आणि विटेची भुकटी

डांबर मिळत नसे तेथे वनस्पती कामी आल्या. सहाव्या शतकातील वराहमिहिरांच्या 'बृहत्संहिते'त 'वज्रलेप' नावाच्या लेपाची कृती आहे. टेंभुर्णीची आणि कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले, साळईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड पाण्यात उकळून तो काढा एक-अष्टमांश होईपर्यंत आटवायचा. त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल इत्यादी मिसळून लेप करायचा आणि तो तापवून लावायचा. देवालये, वाडे, मूर्ती, भिंती आणि विहिरी यांसाठी तो सांगितला आहे. असा लेप कोटी वर्षे टिकतो, असे ग्रंथ म्हणतो. ही अतिशयोक्ती बाजूला ठेवली तरी घटकांची निवड विचार करायला लावते. राळ पाण्यात विरघळत नाही, जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट पापुद्रा धरते, बिब्ब्याचा रस वाळून काळा व चिवट होतो. गरम लेप पातळ असल्याने सूक्ष्म छिद्रांत शिरतो आणि थंड झाल्यावर तेथेच थिजतो. हे रसायनशास्त्र त्या काळी समीकरणांत मांडलेले नव्हते, पण अनुभवाने हाती आलेले होते.

बांधकामाचा मोठा भार मात्र चुन्यानेच वाहिला. निव्वळ चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो. ही क्रिया सावकाश चालते आणि ओल्या, हवा न पोहोचणाऱ्या पायात जवळजवळ थांबते. त्यावर भारतीय गवंड्यांनी वापरलेला तोडगा म्हणजे सुरखी: भाजलेल्या विटांची किंवा मातीची बारीक भुकटी. योग्य तापमानाला भाजलेल्या मातीतील सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि पाण्यात न विरघळणारी संयुगे बनतात. त्यामुळे सुरखीचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो. वीट फार जाळली तर तिची ही क्रियाशीलता घटते. म्हणून सुरखीसाठी खंगर विटा टाळल्या जात. घाणीत तासन्‌तास दळलेल्या या चुन्यावर विहिरी, तलाव, पूल आणि वाड्यांचे पाये उभे राहिले.

जिथे पाणी अडवणे शक्यच नव्हते, तिथे लोकांनी ते अडवण्याचा हट्ट धरला नाही. आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या पूरमैदानातील मिसिंग समाजाचे 'चांग घर' खांबांवर उभे असते आणि पुराचे पाणी त्याच्या खालून निघून जाते. देशाच्या इतर भागांत उंच दगडी जोते आणि लांबवर आलेली वळचण हेच काम करतात. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात आणि पडलेले पाणी जोत्याशी रेंगाळू नये, हा त्यामागचा साधा विचार होता.

रुरकी: विहिरींवर तोललेला कालवा

एकोणिसाव्या शतकात या परंपरेची गाठ आधुनिक अभियांत्रिकीशी पडली, ती आजच्या उत्तराखंडातील रुरकी येथे. प्रोबी कॉटली यांच्या देखरेखीखाली बांधलेला गंगा कालवा १८५४ मध्ये सुरू झाला. रुरकीजवळ हा कालवा सोलानी नदीच्या वरून नेणे भाग होते. खाली नदीची वाळू आणि वर वाहता कालवा अशा जागी पाया घालण्यासाठी विटांच्या विहिरी वाळूत उतरवण्याची एतद्देशीय पद्धत स्वीकारली गेली. नदीकाठच्या पायासाठी विहिरी उतरवणे या देशाला नवे नव्हते. आग्र्याला यमुनेकाठी ताजमहालाच्या पायातही अशाच विहिरी आहेत. कालव्यासाठी माणसे घडवण्यासाठी रुरकीत १८४७ मध्येच अभियांत्रिकी महाविद्यालय उघडले होते. तेथे शिकलेल्या अभियंत्यांच्या हातून चुना-सुरखीचे प्रमाण, ती दळण्याची रीत आणि पायाचे बांधकाम या गोष्टी गवंड्याच्या स्मरणातून ग्रंथांत आणि सरकारी नियमावलींत उतरल्या.

१८९५ मध्ये पुऱ्या झालेल्या मुल्लपेरियार धरणातही चुना-सुरखीचेच काँक्रीट आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे ते उभे आहे. त्याबरोबरच पाझरणारे पाणी चुना हळूहळू विरघळवून नेते, हा धडाही त्याच धरणाने दिला आणि पुढे त्यात सिमेंटचे द्रावण दाबाने भरावे लागले. कोणताही पदार्थ पाण्यापुढे कायमचा अजिंक्य नसतो.

सिमेंटचा काळ आणि एक गैरसमज

जोसेफ ॲस्पडिन यांनी इंग्लंडमध्ये १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे एकस्व घेतले. भारतात त्याच्या उत्पादनाचा पहिला प्रयत्न १९०४ मध्ये मद्रासला झाला आणि १९१४ पासून पोरबंदरच्या कारखान्यातून नियमित उत्पादन होऊ लागले. सिमेंट लवकर घट्ट होते, भरपूर भार पेलते आणि त्याला घाणीची गरज लागत नाही. काही दशकांत चुना मागे पडला. त्याबरोबर जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर घालण्याची पद्धत सार्वजनिक बांधकामांत रूढ झाली. १:२:४ प्रमाणाच्या काँक्रीटचा सुमारे ४० मिलिमीटर जाडीचा पट्टा आणि त्यावर गरम बिट्युमेनचा हात, ही तिची सर्वपरिचित रीत आहे. कुंडाच्या भिंतीमागचे डांबर जणू आडवे होऊन प्रत्येक घराच्या जोत्यात आले.

याच काळात एक गैरसमजही रुजला: सिमेंट म्हणजे जलरोधक. घट्ट काँक्रीटमधून पाणी कमी झिरपते हे खरे. पण सिमेंटचा गिलावा वाळताना आकुंचन पावतो आणि त्यावर बारीक भेगा पडतात. जुन्या चुन्याच्या भिंतीवर तो लावला की आणखी एक अनर्थ ओढवतो. भिंतीतील ओल जिथून वाफ होऊन बाहेर पडत असे, ते तोंडच बंद होते. कोंडलेले पाणी अधिक उंच चढते आणि त्यात विरघळलेले क्षार जिथे वाट सापडेल तिथे स्फटिक होऊन साचतात.

उघडे पडलेले शहर

या क्षारांचा प्रताप मोहेंजोदडोनेच सर्वांत दारुण रीतीने पाहिला. हजारो वर्षे मातीखाली शाबूत राहिलेल्या विटा उत्खननानंतर काही दशकांतच झडू लागल्या. १९३२ मध्ये सक्कर धरण सुरू झाले आणि सिंधमध्ये कालव्यांचे जाळे पसरले. शेती बहरली, पण भूजलाची पातळीही वर आली. खारे पाणी केशाकर्षणाने भिंतींत चढू लागले आणि सिंधच्या कडक उन्हात ते पृष्ठभागाशी वाळू लागले.

त्या क्षारांपैकी एक म्हणजे सोडियम सल्फेट. त्याचे निर्जल रूप थेनार्डाइट आणि सजल रूप मिराबिलाइट. ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि हवेतील ओलाव्यानुसार ते एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. निर्जल रूपाने पाणी घेतले की त्याचे आकारमान चौपटीहून थोडे अधिक होते. विटेच्या सूक्ष्म छिद्रात बसलेला स्फटिक असा पुन्हा पुन्हा फुगला की विटेचा पृष्ठभाग पिठासारखा गळून पडतो. युनेस्कोने १९७४ मध्ये या स्थळाच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि ती १९९७ पर्यंत चालली. कूपनलिकांनी भूजल खाली उतरवणे आणि भिंतींवर चिखलाचा लेप देणे, अशा उपायांचा त्यात समावेश होता. झिजायचेच असेल तर लेप झिजावा, वीट नको, हा त्या लेपामागचा हेतू.

ज्या नगराने पाणी अडवण्याची इतकी परिपूर्ण रचना केली, त्याच्या भिंतींना खालून येणाऱ्या ओलीने गाठावे, ही इतिहासाची विलक्षण विसंगती आहे. कुंडाला डांबराचे कवच होते, पण नगरातील बाकीच्या भिंतींखाली तसे काही नव्हते, कारण ती बांधली गेली तेव्हा भूजल खूप खोल होते. परिस्थिती बदलली आणि जुनी रचना अपुरी ठरली.

काळी माती आणि पायाची फट

दख्खनच्या पठारावर आणि त्याभोवतीच्या प्रदेशांत, म्हणजे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेशाच्या विस्तृत भागांत, पायाचा शत्रू मातीतच असतो. काळ्या कापसाच्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी घेऊन फुगते आणि वाळले की आक्रसते. वैशाखात शेतांना पडणाऱ्या भेगा सर्वांनी पाहिलेल्या असतात. तशीच एक भेग घराच्या पायाला लागून, माती आणि भिंत यांच्या मधोमध पडते. मृगाचा पहिला पाऊस त्या फटीतून थेट पायाच्या तळाशी जातो. तेथील माती फुगते आणि पाया उचलला जातो, तर घराच्या मधोमध माती कोरडीच असते. या असमान हालचालीने भिंतींना तिरक्या भेगा पडतात आणि पाण्याला आणखी वाटा मिळतात.

१९४७ मध्ये रुरकी येथेच स्थापन झालेल्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने या मातीसाठी तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेल्या खांबपायांचा विकास केला. वरची माती ऋतुमानानुसार कितीही हलली, तरी काही मीटर खाली ओलावा वर्षभर जवळजवळ स्थिर असतो. फुगवटा त्या स्थिर थरात रुतवला की घर मातीबरोबर वरखाली होत नाही. भारतीय मानकानुसार खोल काळ्या मातीत अशा खांबांची लांबी किमान साडेतीन मीटर असावी लागते. त्याच्या जोडीला जोत्याभोवती बाहेरच्या बाजूस उतरता, न फुटणारा पट्टा घालण्याची शिफारस असते. पाऊस पायापासून दूर वाहून जावा आणि पायालगतची माती अचानक ओली वा कोरडी होऊ नये, हा त्याचा हेतू. इमारतींच्या ओलरोधनासाठी आयएस ३०६७ हे स्वतंत्र भारतीय मानकही आहे.

निसर्गाचा एक योगायोग येथे नोंदवण्यासारखा आहे. ज्या खनिजाच्या फुगण्याने काळ्या मातीत पाये हलतात, तेच खनिज बेंटोनाइटमध्ये मुख्यत्वे असते आणि बेंटोनाइटचे मोठे साठे कच्छ व बाडमेर भागांत आहेत. दोन कापडी थरांमध्ये बेंटोनाइट भरून तयार केलेल्या चादरी आज तळघरांच्या बाहेरून लावल्या जातात. पाणी पोहोचताच बेंटोनाइट फुगते आणि बारीक फट आपोआप मिटवते. फट पाडणारी माती योग्य जागी कोंडली की फट बुजवणारी ठरते.

बुजवणे आणि वाट देणे

या साऱ्या इतिहासातून एक सूत्र पुन्हा पुन्हा समोर येते. पाणी अडवण्यात यश आले ते जिथे भेग बुजवण्याबरोबर पाण्याला दुसरी वाट दिली गेली तिथे. मोहेंजोदडोच्या डांबरामागे गटार होते, गावातल्या उंच जोत्यासोबत लांब वळचण होती, रुरकीच्या खांबपायासोबत उतरता पट्टा आहे. अपयश आले ते जिथे केवळ तोंड बंद केले आणि पाण्याचा विचारच केला नाही तिथे.

घराच्या आतून भेगेवर सिमेंट थापणे हे त्या दुसऱ्या प्रकारचे काम आहे. पाणी पायाशी पोहोचलेलेच असते. आतला थर त्याला फक्त शेजारच्या सांध्याकडे वळवतो. बाहेरून जोत्यालगतची फट लवचीक द्रव्याने भरणे, अंगणाचा उतार घरापासून दूर काढणे, पागोळ्यांचे आणि पावसाच्या नळाचे पाणी पायाशी पडू न देणे, फुटलेली गटारे दुरुस्त करणे आणि जुन्या चुन्याच्या भिंतींना चुन्याचाच गिलावा देणे ही पहिल्या प्रकारची कामे आहेत. त्यांना झळाळी नसते आणि रंगाच्या डब्यावर त्यांची जाहिरात होत नाही. पण ओलसर घराचा प्रश्न भिंतीच्या शोभेपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील हवेसंबंधी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत ओल व बुरशी यांचा संबंध दमा आणि श्वसनाच्या तक्रारींशी जोडला आहे. त्या पट्ट्याशेजारी अंथरूण घालून झोपणाऱ्या मुलाला त्याची किंमत दरवर्षी मोजावी लागते.

सिंधूकाठच्या त्या अनाम गवंड्याने एक इंच डांबर ओतले, ते कुणाला दिसणार नाही अशा जागी, दोन भिंतींच्या मधोमध. त्याने कुंडाच्या तळाचा उतार कोपऱ्यातल्या गटाराकडे काढला, तोही कुणाच्या नजरेत भरणारा नव्हता. पाण्यापासून घर वाचवणारी बहुतेक कामे अशीच जमिनीखाली आणि भिंतीमागे होतात. पुढच्या पावसाळ्यापूर्वी भिंतीला नवा रंग देण्याआधी एकदा घराबाहेर जाऊन जोत्याभोवतीची माती कोणत्या दिशेला उतरते, एवढे पाहिले तरी साडेचार हजार वर्षांच्या त्या ज्ञानाचा काही अंश कामी लागेल.